न वाचणाऱ्या पोराला वाचायला कसं शिकवायचं, बी.एड.ला हे शिकवतात का हो कुणी?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या शाळेत सध्या बी.एड.च्या मुली इंटर्नशिपला आल्यात. एकीचा आज सातवीवर मराठीचा पाठ होता, निरीक्षणाला त्यांचे सर येणार होते. पोरगी गुणी, रात्र जागून चार्ट केलेला, टाचण नीटनेटकं. सर यायच्या आधी तिने एका पोराला उतारा वाचायला लावला, त्याने घडाघडा म्हणून दाखवला. मग तिने मधलाच एक शब्द दाखवून विचारलं, हा कुठला? तर पोरगं परत पहिल्या ओळीपासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत यायला लागलं आणि बोट भलतीकडेच. सगळं पाठ! वाचता येतच नाही. सातवीत. ती घाबरून माझ्याकडे आली, "मॅडम, याला कुठे बसवू?"

कुठे बसवू!! आणि पाठ झाल्यावर सरांचा शेरा काय, तर फलकलेखन तिरकं गेलं, उद्देशकथन उशिरा आलं. त्या पोराबद्दल चकार शब्द नाही.

तिचा राग नाही आला मला. तिला शिकवलंय कुणी? २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप २० आठवड्यांची झाली, पियाजे, वायगॉट्स्की, ब्लूम असे शिक्षणातले विचारवंत सगळे तोंडपाठ. वाचन आणि चिंतनाचाही एक कोर्स आहे, पण त्यात वाचायचं या मुलींनीच. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते, म्हणून पोरं तिला सोडून 'दिवा'चं 'दवा' करतात, हे कुठल्या पेपरात आहे?

प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड.ला थोडंफार असतं, बी.एड. वरच्या वर्गांसाठी आहे, हो, मान्य. पण ते पोरगं वरच्याच वर्गात बसलंय ना? आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, सोबत तेही जातं, त्याचं दुसरं सत्र फडातच जातं. बाराखडी सुटली ती सुटलीच. उद्या १५ वर्षांचं झालं की 'उल्लास' या सरकारी साक्षरता कार्यक्रमाच्या निरक्षरांच्या यादीत त्याचं नाव लिहायला आम्हालाच धाडतील (२०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी त्या यादीच्या सर्व्हेवर बहिष्कार टाकला तर केवढ्या शिव्या खाल्ल्या आम्ही) आणि शिकवायला स्वयंसेवक कोण, तर हेच बी.एड.वाले!

३ जानेवारीला फोटोला हार घालतो ना आपण सगळे? सावित्रीबाईंनी नगरला जाऊन ट्रेनिंग घेतलं होतं. १८५५ मध्ये जोतिबांनी आणि त्यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. म्हणजे हे काम शिकून करायचं असतं हे तेव्हाच कळलं होतं की!

असो. शाळा सुटल्यावर बघितलं तर तीच मुलगी त्या पोराला घेऊन व्हरांड्यात बसलेली. ऊस, मोळी, कोयता, टायरगाडी, त्याच्या तोंडचे शब्द पाटीवर लिहून देत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचे तिला मार्कही नाहीत.

ते द्या ना मार्क! प्रत्येकीला एक न वाचणारं पोर किंवा गावातली एक निरक्षर बाई द्या, २० आठवडे, आणि शेवटी परीक्षकाने त्या पोराकडून, त्या बाईकडून न बघितलेला कागद वाचून घ्यावा. फक्त फाइल मागू नका, प्लीज. फाइल मागितली की पुढची बॅच तीच उतरवून काढणार.