किरकोळ म्हणे!

"किरकोळच तर आहे, उद्यापर्यंत आणा." सकाळच्या असेंब्लीत हे वाक्य या महिन्यात चौथ्यांदा ऐकलं. आज चार्ट पेपर, स्केचपेन आणि फ्लॅश कार्डसाठी प्रत्येकी १४० रुपये. मी मान हलवली, "हो मॅडम" म्हटलं, आणि ड्युटीच्या बसमध्ये बसल्यापासून डोकं जे तापलंय ते अजून उतरायला तयार नाही. हा किरकोळ शब्द ज्याने कुणी काढला असेल त्याला महिनाभर आमच्या हॉस्टेलवर आणून ठेवा. चार हजार रुपये त्याच्या हातात देते, म्हणावं मेसपासून फाईनपर्यंत सगळं यातच भागव.

मी जळगावला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव पारोळ्याकडचं, शेती कोरडवाहू, पीक कापूस. कॉलेज खासगी. फीबद्दल मी काही बोलत नाहीये, कारण ती निदान आधी सांगितलेली होती. आबांनी सोसायटीचं पीककर्ज उचललं, मायची पोत गहाण पडली, आकडा छापील होता, पावती मिळाली. माणूस एकदा हबकतो आणि मग कामाला लागतो. माझा जीव खाल्लाय तो माहितीपत्रकात कुठेच न छापलेल्या पैशांनी. आज फाईल, उद्या कव्हर, परवा कुणाचा तरी निरोप समारंभ. ५०, ८०, १२०. पावती मागितली तर "एवढ्याशाची पावती काय मागतेस" म्हणून वर्गासमोर हसू करून घ्यायचं.

हिशोबच मांडते. घरून महिन्याला ४,००० येतात. २,५०० आबा पाठवतात आणि १,५०० मायचे लाडक्या बहिणीचे. ते तिच्या खात्यात आले की दुसऱ्या दिवशी गावातल्या पोराकडून ती माझ्या फोनपेला टाकून घेते. स्वतःसाठी त्यातला रुपया ठेवत नाही. (माझं वय २१ झालेलं नाही, त्यामुळे "तूही फॉर्म भर ना" सांगणाऱ्यांनी आधी योजना वाचावी.) त्यातले २,६०० मेसला जातात. रिचार्ज २९९, आणि तोही २८ दिवसांचा, म्हणजे या लोकांच्या वर्षात तेरा महिने असतात, आमच्या आबांच्या वर्षात बाराच. साबण, कपड्याचा सोडा, तेल, पेस्ट, पॅड मिळून ३५०. युनिफॉर्मची इस्त्री १२०, कारण चुरगळलेला युनिफॉर्म दिसला की फाईन. उरले ६३१. या ६३१ मध्ये झेरॉक्स, रिक्षा, आजारपण, गावी जायचं तिकीट आणि कॉलेजचं सगळं "किरकोळ". एसटीत बायकांना हाफ तिकीट आहे म्हणून दोन महिन्यांतून एकदा तरी गाव दिसतं. नाहीतर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलासुद्धा, मी हॉस्टेलच्या गच्चीवरच बसले असते.

नर्सिंगमध्ये किती कागद लागतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. लोकांना वाटतं पांढरे कपडे घालायचे आणि सुई टोचायची. केअर प्लॅन, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, ड्रग फाईल, प्रोसिजर बुक, लॉग बुक. प्रत्येक विषयाचं वेगळं आणि प्रत्येक वॉर्ड बदलला की पुन्हा नवं. मेडिकल वॉर्डमधला एक केअर प्लॅन मी मागच्या महिन्यात तीनदा लिहिला. पहिल्यांदा मार्जिन निळ्या पेनाने मारली होती. दुसऱ्यांदा फाईल पारदर्शक कव्हरची होती, मॅडमना गुलाबी पाहिजे होती. पेशंट तोपर्यंत डिस्चार्ज घेऊन घरी जाऊन शेतात निंदायलाही लागला असेल, मी मात्र त्याच्या तापाचा तक्ता लाल पेनाने पुन्हा काढतेय. गुलाबी कव्हर ३५ रुपये. झेरॉक्सवाला आमच्या बॅचचा माल पाठ करून बसलाय. मी दुकानात पाय ठेवला की विचारतो, "ताई, कोणता रंग निघाला आज?"

आणि फाईन! उशीर झाला फाईन, नखं वाढली फाईन, नेमप्लेट विसरली फाईन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ नसलं फाईन. घड्याळाचं मी समजू शकते, नाडी मोजायला ते लागतंच. पण परवाचं ऐका. कम्युनिटी पोस्टिंगला खेड्यावर होतो. सकाळपासून पाऊस, सगळीकडे काळी माती, आणि पायात पांढरे बूट. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पांढरे बूट घालायला लावणाऱ्याने एकदा तरी वावरात पाय टाकून बघावा. घरोघरी फिरून सर्व्हे केला. चौथ्या की पाचव्या घरी उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला, बेडकाच्या तोंडासारखा. तिथल्या एका काकूंनी सुतळी दिली, ती बांधून उरलेली घरं केली. रात्री फेविक्विकने चिकटवला, वरून पांढरं पॉलिश फासलं, अर्धा तास खिडकीत वाळत ठेवला. सकाळी असेंब्लीत मॅडम रांगेतून आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "हे काय?" चिकटवलेल्या जागी पिवळट रेघ उठली होती. ५० रुपये. शिवाय आठवडाभरात नवे बूट घेण्याची ताकीद, ते ४५० चे.

५० रुपये म्हणजे काय ते सांगते. माय आमचं वावर आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते. किलोला १० रुपये. म्हणजे माझ्या बुटावरची ती पिवळी रेघ पाच किलो कापसाला पडली. कापूस हातात धरून बघितलाय का कुणी? मूठभर घेतला तर हातात काही आहे असं वाटतच नाही. पाच किलो भरायला कमरेला फडकं बांधून, बोंडाच्या टोकांनी बोटं खरवडून घेत, ओळीच्या ओळी वाकून जावं लागतं. मी स्वतः वेचलाय दहावीपर्यंत, म्हणून मला ५० ची नोट दिसली की नोट दिसतच नाही, मायची कंबर दिसते. आता किरकोळ म्हणा.

बरं, आबांचं तरी काय? २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणी "पोरीला नर्सिंगला टाकू" असं मोठ्याने बोललं. तो भाव एक वर्ष दिसला आणि गेला. माझं ॲडमिशन झालं तेव्हा भाव सातच्या आसपास आला होता. फीचा आकडा मात्र आला नाही खाली.

नातेवाइकांचा तर वेगळाच ताप. लग्नात भेटले की, "तुम्हा पोरींची तर फी माफ झाली ना आता!" जुलै २०२४ मध्ये जीआर निघाला हे खरं. पण तो प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या मुलींसाठी आहे. संस्था पातळीवर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून आत आलेल्यांना तो लागू नाही, आणि मी संस्था पातळीवरून आलेली. लागू असता तरी माफ काय होतं? शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. मेस, बूट, गुलाबी कव्हर कुठल्याच जीआरमध्ये येत नाही. हे मी तीन लग्नांत समजावलं. चौथ्यात नुसती बुंदी खाल्ली.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय, हो. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, सगळं जोडलं. त्यासाठी दोन रजा, दोन रजांचा फाईन, आणि दाखले काढून देणाऱ्याने पावतीवर एक आकडा आणि हातात दुसरा घेतला तो वेगळाच. पहिल्यांदा अर्ज परत आला, शिक्षणात पडलेल्या गॅपचं कारण विचारलं होतं. मला गॅपच नाही. दुसऱ्यांदा कॉलेजच्या लॉगिनला महिनाभर पडून राहिला. क्लार्कला विचारलं तर म्हणे साईट चालत नाही. त्याच वेळी त्याच्या कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर मस्त चालत होता. शेवटी पहिला हप्ता आला, पण माझ्या खात्यात नाही. आधार लिंक होतं शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला, त्याची शाखा तालुक्याला, एटीएम कार्ड केव्हाच बाद झालेलं. ते पैसे काढायला तिसरी रजा. माझी रूममेट अक्कलकुव्याकडची, तिचे तर पहिल्या वर्षाचे राहण्या-जेवणाचे सरकारी पैसे दुसरं वर्ष निम्मं सरल्यावर आले. तोपर्यंत मेसवाल्याने उधारीवर जेवू घातलं असेल असं वाटतंय का कुणाला?

"मग पार्ट टाइम काहीतरी कर ना." हे सांगणाऱ्यांना मी आता उत्तर देणंच सोडलंय. सकाळी ८ ते २ वॉर्ड, अडीच ते पाच क्लास, सातला हॉस्टेलचं गेट बंद. मधल्या वेळात फाईल. कुठे करू काम, स्वप्नात? आणि काम तर मी करतेच आहे! वॉर्डात स्टाफ कमी. चाळीस खाटांचं टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, आम्ही दोघी घेतो. बेड आम्ही करतो, स्पंजिंग आम्ही देतो, ड्रेसिंगची ट्रॉली आम्ही लावतो, एक्स-रेला पेशंटला ढकलत आम्हीच नेतो. नवीन पेशंट आला की इन्चार्ज सिस्टर खुर्चीतूनच हाक मारतात, "स्टुडंट!" हे शिक्षण आहे हे मान्य, हात बसायलाच पाहिजे. पण या कामाचे पैसे मिळत नाहीत ते सोडा, आम्हीच भरतो. आमच्या फीच्या पावतीत क्लिनिकल चार्जेस नावाची एक वेगळी ओळच आहे.

सगळ्यात जास्त चीड आली ती लॅबमध्ये. साहली नावाच्या डॉक्टरच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढायला शिकवत होते, एकमेकींचं. नळीत आम्ल घ्यायचं, बोट टोचून पिपेटने रक्त ओढायचं, मग थेंब थेंब पाणी घालत रंग जुळवत बसायचं. माझं आलं ९.२. बाईला १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, हे आदल्याच आठवड्यात पाठ केलं होतं. आमच्या गटात आठ जणी, १२ च्या वर एकच. मॅडम म्हणाल्या, "मुलींनो, स्वतःकडे लक्ष द्या. पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे, अंडी, एखादं फळ." मेसमध्ये पालेभाजी आठवड्यातून एकदा, तीसुद्धा पाण्यात मेथी पोहायला सोडल्यासारखी. अंड्याचे वेगळे १० रुपये. फळाचं म्हणाल तर ज्या जिल्ह्यातून रावेर-यावलची केळी ट्रकच्या ट्रक भरून देशभर जाते, तिथे मी गेटबाहेरच्या गाडीवर डझनाचा भाव विचारते आणि दोन घेऊन येते. घरून येताना माय कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून देते, ते दोन दिवस पोट भरल्यासारखं वाटतं.

आणि ज्या चार्टसाठी आज १४० रुपये मागितले ना, त्या चार्टचा विषय माहितीये? संतुलित आहार. परवा खेड्यावर जाऊन बायांना हेल्थ टॉक द्यायचा आहे. मी रात्री बसून दुधाचा पेला, अंडं, डाळिंब आणि सफरचंद रंगवणार, आणि सकाळी बस साडेसहाला सुटते म्हणून मेसचे पोहे न खाता तिकडे उभी राहून सांगणार की मायबहिणींनो, नाश्ता कधी चुकवू नका.

पुढे तरी काय वाढून ठेवलंय? सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली होती, की ५० खाटांपेक्षा लहान खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सचा पगार २०,००० च्या खाली नसावा. आमची एक सीनियर मागच्या वर्षी पास झाली, रजिस्ट्रेशन झालेलं, हात असा हलका की पेशंटला सुई कळत नाही. एका खासगी दवाखान्यात ९,००० वर लागली, बारा तासांची ड्युटी. ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतली आहेत. तिने पगाराचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, अनुभव मिळतोय ना.

रोज रात्री मायचा फोन येतो. "जेवनी का बेटा?" मी म्हणते, "हाव." "तुनाजोडे पैसा शेतस ना?" त्यालाही "हाव." या दोन हावांपैकी रोज एक तरी खोटं असतं, कधी दोन्ही. तिला कळत नसेल असं नाही. दोन सेकंद गप्प राहते आणि मग म्हशीचं काहीतरी सांगायला लागते.

हे लिहीत असतानाच ग्रुपवर मेसेज पडलाय. पुढच्या गुरुवारी एज्युकेशनल व्हिजिट, दूध डेअरी. प्रत्येकी ३५०, सोमवारपर्यंत सीआरकडे (वर्ग प्रतिनिधीकडे) जमा करावे. माझ्याकडे आज २१२ आहेत, त्यातले १४० उद्या चार्टला जाणार. सगळ्यांचे भराभर "ओके मॅडम" पडतायत. आत्तापर्यंत एकतीस झाले. माझं बत्तिसावं.