‘पाच मिनिटांत फुकट होतं’ असं लिहिणाऱ्या साहेबांना आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. पण नवीन गिऱ्हाईक आमच्याकडे येण्याआधी हाच रिव्ह्यू वाचतं, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितो.

तुमचं म्हणणं असं की बंगल्याच्या ४ थ्रीडी व्ह्यूंना, म्हणजे बांधण्याआधी घर कसं दिसेल त्या कॉम्प्युटरवरच्या चित्रांना, आम्ही १२ दिवस लावले, १८,००० रुपये घेतले, आणि तुमच्या भाच्याने तसंच चित्र एआयवर पाच मिनिटांत फुकट काढून दिलं. म्हणून एक स्टार, आणि वर ‘लूट’.

दिवसांचं म्हणाल तर पहिले व्ह्यू तुमच्या हातात पाचव्या दिवशी होते. त्यानंतर समोरच्या भिंतीला आधी काळा बेसॉल्ट, मग जैसलमेरचा पिवळा दगड, मग परत काळाच ठरला. पोर्चमध्ये झोपाळा आला. रात्री साडेअकराला आलेल्या मेसेजलाही उत्तर दिलं आणि एकाही चेंजचे जादा पैसे लावले नाहीत. हे रिव्ह्यूत कुठेच नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

आता भाच्याचं चित्र. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलं तेव्हा मोठं करून नीट पाहिलं. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण पोर्चचा डावा कॉलम त्यात नाही, आणि वरच्या बेडरूमची बीम त्याच कॉलमवर येते. वरच्या मजल्यावर दोनाच्या तीन खिडक्या झाल्यात, तिसरी टॉयलेटच्या भिंतीवर. बाहेरचा जिना तर वर जाऊन भिंतीतच संपतो. फॅब्रिकेटरने आणि गवंड्याने हे बघून काम केलं असतं तर?

मिडजर्नी, स्टेबल डिफ्युजन ही चित्र काढणारी एआय टूल्स असंख्य फोटोंवरून शिकलेली आहेत. सांगितलेल्या वर्णनावरून चित्र तयार करतात, पण त्यामागे भिंत, स्लॅब, माप काहीच नसतं. म्हणून त्याच बंगल्याची मागची बाजू मागितली की दुसराच बंगला येतो. २०२३ मध्ये त्यांना जोडायचं कंट्रोलनेट आल्यापासून ड्रॉइंगच्या रेषा बऱ्यापैकी धरून ठेवता येतात. व्हेरास हे एआय टूल तर स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवरच थेट चालतं. तरी ग्रिलची डिझाइन, फरशीचे सांधे ते आपल्या मनाने बदलतं. आणि तिथेही मॉडेल आधी कोणीतरी मापात बनवावंच लागतं. आमचा बहुतेक वेळ त्यातच जातो, मॉडेलवरून चित्र काढणारं रेंडरचं बटण दाबण्यात नाही.

पहिल्याच मीटिंगला तुम्ही विचारलं होतं, पश्चिमेचं ऊन हॉलमध्ये किती येईल? त्यासाठी व्ही-रे या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये नाशिकचं लोकेशन, म्हणजे २० अंश उत्तर, टाकून मे महिन्यातला संध्याकाळी पाचचा सूर्य लावला. प्रकाश कुठून येतो, कुठे आपटतो, याचा ते हिशोब करतं. दोन फुटी छज्जा असूनही ऊन सोफ्यापर्यंत येतंय हे त्या व्ह्यूत दिसलं, आणि तुमच्या आर्किटेक्टनी तिथे जाळी घेतली. एआयच्या चित्रात सावली फक्त छान दिसेल अशी पडते.

१८,००० मध्ये मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर थ्रीडीएस मॅक्स आणि व्ही-रेचं दरवर्षी भरावं लागणारं भाडं आहे, ग्राफिक्स कार्डचा हप्ता आहे, पोरांचे पगार आहेत. एआयला आमचा विरोध नाही. रंगसंगती सुचवायला, झाडं-आकाश भरायला आम्हीही वापरतो. यापुढे दिवस किती, चेंजेस किती हे कोटेशनवर ठळक लिहू. सुरुवातीच्या कल्पनेपुरतं एआयचं एखादं स्वस्त पॅकेज ठेवायचंही मनात आहे, बघतोय.

तुमच्या मखमलाबादच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरने आमच्याच व्ह्यूच्या प्रिंट लावल्यात. परवा त्याने पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, खाचेचं माप विचारायला फोन केला, ते मॉडेलमधून लगेच काढून दिलं. त्याचे पैसे लावले नाहीत, लावणारही नाही. पुढेही काही लागलं तर पाथर्डी फाट्यावरचं ऑफिस सकाळी दहापासून उघडं असतं. फक्त त्या एका स्टारचा एकदा विचार करा साहेब, इथे तीन मुलं कामाला आहेत.