प्रोसेसरची अनशापोटी गोळी

प्रोसेसर एकदा फॅक्टरीतून बाहेर पडला की विषय संपला असं आपल्याला वाटतं, पण तसं काही नसतं हो. त्याच्या आत मायक्रोकोड असतो, म्हणजे आज्ञा आतून कशा पार पाडायच्या ते सांगणारा छोटा प्रोग्राम, त्यात चुका निघतात, कंपनी पॅच म्हणजे दुरुस्ती काढते आणि खरी गंमत म्हणजे तो पॅच चिपमध्ये कायमचा बसतच नाही. पॉवर गेली की साहेब सगळं विसरून मोकळे. त्यामुळे थायरॉइडच्या गोळीसारखाच कारभार, रोज द्यायची, अनशापोटी द्यायची, आणि ती पोटात जाईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही.

आता हे काम खरं तर बायोसचं, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामचं. पण माझ्या लॅपटॉपच्या कंपनीने बायोस अपडेट काढणं कधीच बंद केलंय, हेल्पलाइनवाला मात्र गोड आवाजात "सर, तुमच्याकडे लेटेस्टच आहे" म्हणतो, आणि खोटं कुठे बोलतोय बिचारा, त्यानंतर काढलंच नाही तर तेच लेटेस्ट.

मग राहिली ऑपरेटिंग सिस्टिम, माझी लिनक्स. तिथे बूट होताना सुरुवातीलाच लोड होणारा फाइलींचा एक गठ्ठा असतो, इनिटरॅमएफएस, त्याच्या पुढे मायक्रोकोडची सीपीआयओ फाइल, म्हणजे आणखी एक छोटा गठ्ठा, चिकटवायची, पुढेच, मागे नाही, आणि कॉम्प्रेस न करता, कारण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेव्हा इतका अर्धवट जागा असतो की फाइल उलगडत बसण्याच्या मनःस्थितीत नसतो. आत ठरलेला फोल्डर, ठरलेलं नाव, इंटेल असेल तर जेन्युइनइंटेल डॉट बिन, एएमडी असेल तर ऑथेंटिकएएमडी डॉट बिन. नावं वाचून ड्युप्लिकेट मालाच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटतं.

एवढी घाई कशाला, सावकाश देऊ की, तर नाही. 2014 साली इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरमधलं टीएसएक्स नावाचं फीचर सदोष निघालं आणि मायक्रोकोडने ते बंद करायचं ठरलं. पण मशीन चालू असताना पॅच दिला की जे प्रोग्राम ते फीचर आहे असं धरून बसले होते ते धडाधड कोसळायचे. आणि 2018 च्या जानेवारीत तर स्पेक्टर नावाच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या भगदाडावरचा पॅच घेऊन काही मशीन आपोआप रीबूट व्हायला लागली, शेवटी इंटेलनेच सांगितलं, थांबा, देऊ नका. तरी हे परवडलं म्हणायचं, 1994 मध्ये पेंटियमचा भागाकार चुकत होता तेव्हा पॅचची सोयच नव्हती, चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि खर्च आला 47.5 कोटी डॉलर.

तर मायक्रोकोडचं पॅकेज टाकलं, इनिटरॅमएफएसची इमेज परत बनवली, देवाचं नाव घेतलं आणि रीबूट. काळ्या स्क्रीनवर अक्षरं अशी सरसर पळतात की डोळे फाडून बसलं तरी आपली ओळ दिसत नाही, म्हणून नंतर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, ग्रेप करून ती शोधायची. सापडली! मायक्रोकोड अपडेटेड अर्ली. पुढे झिरो एक्स करून एक आकडा, मायक्रोकोडच्या आवृत्तीचा. अख्ख्या रविवारची कमाई.

बायको मागे उभी होती. "काय झालं?"

"आकडा बदलला."

"म्हणजे आता फास्ट चालेल?"

"नाही गं, उलट काही कामांत जरा स्लोच होईल."

"मग काढून टाक ना ते."

काढायची सोय आहे, बूटच्या ओळीत डिस यूकोड एलडीआर एवढं टाकलं की कर्नल तो पॅच देतच नाही, पण हे मी घरात कोणाला बोललेलो नाही.