‘आवडत नसेल तर टीव्ही बंद करा’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: ‘चॅनेलवाले लोकांना हवं तेच दाखवतात. आवडत नसेल तर टीव्ही बंद करा. अर्ज-तक्रारी करून माध्यमं कधी सुधारली आहेत का?’ चांगली विचारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘बंद करा’चं बघू. टीआरपी निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात. तुमच्या घरी मीटर नसेल, तर रागाने दाबलेलं ते बटण कुठेच नोंदलं जात नाही. आणि मीटर असला तरी तुम्हाला नेमकं काय खटकलं, हे त्यातून कळत नाही.

‘लोकांना हवं तेच दाखवतात.’ कोणते लोक? अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये डब्ल्यूएलबीटी नावाचं चॅनेल होतं. त्या भागात सुमारे 45 टक्के वस्ती कृष्णवर्णीयांची. पण 1955मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांची मुलाखत सुरू असताना पडद्यावर पाटी आली: ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड’. नागरी हक्कांचा विषय निघाला की तिथे हे असंच चालायचं.

मार्च 1964मध्ये एव्हरेट पार्कर या चर्चच्या पदाधिकाऱ्याच्या पुढाकाराने काही स्वयंसेवकांनी आठवडाभर घरी बसून त्या चॅनेलवर काय दाखवलं जातं, ते टिपून ठेवलं. जिवाला धोका होता, म्हणून त्यांची नावं गुप्त ठेवली गेली. या नोंदींच्या आधारे परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली, तेव्हा चॅनेलना परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी संस्थेने सांगितलं की प्रेक्षकांचा यात आर्थिक हितसंबंध नाही, त्यामुळे त्यांना दाद मागता येणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याचंही तेच म्हणणं आहे: तुम्ही फक्त गिऱ्हाईक. 1966मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं, प्रेक्षकांना दाद मागण्याचा हक्क दिला आणि 1969मध्ये नूतनीकरणच रद्द केलं. 1972मध्ये त्याच चॅनेलचे व्यवस्थापक म्हणून विल्यम डिल्डे हे कृष्णवर्णीय गृहस्थ आले.

म्हणजे ‘कधी सुधारली आहेत का’ याचं उत्तर ‘हो’ आहे. आणखी दोन दाखले: अमेरिकेतच पेगी चॅरन आणि इतर काही आयांनी मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी 1968मध्ये सुरू केलेल्या चळवळीनंतर, 1990च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर तासाला मिनिटांची मर्यादा आली. भारतात 2015मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी म्हणून, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि 8 फेब्रुवारी 2016ला वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी झाली.

वेळ लागतो, हे मान्य. चॅरनबाईंना 22 वर्षं लागली.

काही जण या मेसेजला ‘ही तर सेन्सॉरशिप’ अशी पुस्ती जोडतात. एखादा कार्यक्रम बंद पाडा म्हणणाऱ्यांबद्दल ती शंका रास्तच आहे. पण जॅक्सनमध्ये कात्री चॅनेलच्या हातात होती. लोकांचं म्हणणं एवढंच होतं, की ती पाटी काढा आणि मुलाखत पुरी दाखवा.