डिपॉझिट परत मिळू नये म्हणून

पुण्यात भाडेकरू दोन प्रकारचे असतात: डिपॉझिट परत मागणारे आणि सुखी. दुसऱ्या प्रकारात जायला फारसं काही करावं लागत नाही, बहुतेक गोष्टी न करण्यातूनच साधतात. तरीही दर वर्षी बाहेरगावाहून नवे लोक येतात, नको ते प्रश्न विचारतात, नको तिथे फोटो काढतात आणि शेवटी पूर्ण रक्कम खिशात घालून निघून जातात. मालकाला वाईट वाटतं. तुमच्या हातून तसं होऊ नये.

सुरुवात जाहिरातीपासून. घर मध्यवस्तीतच हवं हे तुम्ही ठरवलंच असेल. सदाशिव, नारायण, शनिवार, फार तर डेक्कन. 'सेमी फर्निश्ड' म्हणजे पंखे, ट्यूबलाइट आणि मालकाला टाकवत नाही असं एक लोखंडी कपाट, ज्याचा एक खण त्यांच्याच कुलपात राहील. 'डेक्कनपासून पाच मिनिटं' हे अंतर पहाटे साडेपाचला मोजलेलं असतं. 'शांत परिसर' हे विधान गणपतीचे दिवस वगळून वाचायचं. घर लक्ष्मी, टिळक, कुमठेकर किंवा केळकर रस्त्याच्या आसपास असेल तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत तुमच्या खिडकीखालून जाणार आहे आणि त्या आठवड्यात सामानाचा टेम्पो गल्लीत शिरणार नाही. म्हणून घरबदलासाठी नेमकी तीच तारीख पक्की करा.

घर पाहायला मे महिन्यात जावं. रविवारी सकाळी अकराला, एजंटचे 'अजून दोन पार्ट्या येतायत' हे शब्द कानावर पडत असताना. अशा वेळी नळ सोडून पाहणं, फ्लश ओढणं, गीझर चालू करून दहा मिनिटं थांबणं हे असभ्यपणाचं लक्षण आहे. छताकडे तर मुळीच बघू नका. बाकीची भिंत पिवळट आणि एकच कोपरा नुकताच पांढरा केलेला दिसला, तर मालकाला स्वच्छतेची आवड आहे असं समजा. वर गच्ची असेल किंवा वरच्या मजल्याचं न्हाणीघर असेल, तर त्या पांढऱ्या कोपऱ्यातून जुलैमध्ये ओल येते, मग भिंतीवर क्षार फुटतो आणि ऑक्टोबरपर्यंत रंगाचे पोपडे हातात येतात. दोष स्लॅबचा किंवा वरच्या फरशीच्या सांध्यांचा असतो, पण स्लॅब काही डिपॉझिट भरत नाही. तुम्ही भरलेलं असतं. शिवाय पोपडे धरले ते तुमच्या मुक्कामात. आता ते तुमचे नव्हेत हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? पहिल्या दिवशी फोटो काढले नव्हते ना? छान.

पाण्याबद्दलही विचारू नका. महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, खालच्या टाकीतून वर चढवणारा पंप कोण चालू करतं, आणि तो माणूस गावाला गेला की काय होतं, असे तीन प्रश्न आहेत. तिन्ही गिळून टाका. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा कमी दाबाने' ही बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून असतेच, पण ती दुसऱ्यांसाठी आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. हिशेबात याचं नाव 'भाडेकरूचा निष्काळजी वापर'.

पार्किंगचा उल्लेख एजंट तोंडी करतो, 'लावा हो, कोणी काही म्हणत नाही.' जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत खालच्या जागा मूळ मालकांच्या, आणि पूर्वी वाड्यात भाडेकरू असलेल्यांच्या, नावावर वाटून झालेल्या असतात. तुमची दुचाकी पी-वन पी-टूच्या पाटीखाली राहील. सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या. रात्री बारानंतर तारीख बदलते एवढंच लक्षात ठेवू नका, बाकीचं टोइंगवाले सांगतील.

यानंतर मुलाखत. घर तुम्ही पाहायला गेला आहात हा गैरसमज जिना चढतानाच सोडा. मालक, म्हणजे काका, आरामखुर्चीत असतील, काकू स्वयंपाकघराच्या दारात. प्रश्न ठरलेले. नोकरी कुठे? लग्न झालंय? मग आईवडील येऊन राहणार का? मुळचे कुठले? पूर्ण नाव काय म्हणालात? हा शेवटचा प्रश्न थोड्या वेळाने परत येतो, कारण पहिल्या वेळी तुम्ही आडनाव पुटपुटलात. 'आम्हाला तसं काही नाही हो, पण बाकीच्या सभासदांना चालत नाही' हे वाक्य ऐकल्यावर बाकीचे सभासद म्हणजे नक्की कोण, हे विचारायचं नसतं. अंड्याचा विषय काढायचा नसतो. मुलगी एकटी राहणार असेल तर तिच्याकडे येणारा भाऊ हा सख्खाच आहे हे रेशनकार्डावरून पटवावं लागतं. हे सगळं करारात कुठेही लिहिलेलं नसतं. लिहायची त्यांची हिंमत नसते आणि मोडायची तुमची.

पसंती कळली की लगेच टोकन पाठवा. पाच हजार, दहा हजार, जे मागतील ते. यूपीआयने पाठवताना शेऱ्याच्या जागी 'अमुक फ्लॅटचं टोकन, व्यवहार न झाल्यास परत' वगैरे लिहिलं तर पुरावा तयार होतो, तेव्हा ती जागा रिकामी ठेवा. एजंटची दलाली सहसा एक भाडं. अकरा महिन्यांनी त्याच घराचा तोच करार त्याच लॅपटॉपवर पुन्हा केल्याबद्दल त्याला परत काही द्यायचं का, हे आत्ता विचारलंत तर तो 'बघू' म्हणेल. न विचारलंत तर तेव्हा 'ठरलं होतं' म्हणेल.

आता करार. सरळ मार्ग फार स्वस्त आहे, म्हणूनच तो टाळावा. समजा भाडं पंचवीस हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क निघतं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. म्हणजे सातशे रुपयांच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० आणि ऑनलाइन दस्ताच्या हाताळणीचे ३००. दोन हजारांच्या आसपास सगळं आटोपतं. एजंटचा माणूस लॅपटॉप आणि थंबचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार आधारवर अंगठे देतात, वेबकॅमवर सगळ्यांचे फोटो पासपोर्टपेक्षा वाईट येतात, आणि नोंदणी झाली की पीडीएफ आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) मिळतो. या दोन हजारांत निम्मा वाटा मालकाने उचलायला हवा असं वाटत असेल तर ते करारात आधीच लिहून घ्यावं लागतं. ते जमणार नाही. त्याऐवजी पाचशेच्या स्टँपवर 'नोटरी करून टाकू' हा प्रस्ताव स्वीकारा. शिक्का गोल असतो, लाल असतो, बघायला बरं वाटतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढंच नव्हे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे कलम काकांना वाचून दाखवू नका. त्यांची समजूत अशी आहे की नोंदणी केली की भाडेकरू घर बळकावतो. प्रत्यक्षात त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे याच परवाना-कराराची, मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात, म्हणजे नोंदलेला कागद त्यांच्याच फायद्याचा. पण पेठेतल्या माणसाला त्याचा फायदा समजावून सांगणं हा अपमान समजला जातो.

अकरा महिनेच का, हेही विचारू नका. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या हिशेबातून ती सवय पडली. राज्याच्या कायद्याने तो हिशेब कधीच मोडला आणि ऑनलाइन साठ महिन्यांपर्यंतचा करार होतो. पण दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवण्याची आणि दलाली घेण्याची संधी साठ महिने लांबवायला कोण तयार होईल?

काही घरी कागद काहीच होणार नाही आणि तुम्ही अचानक 'भाचा' व्हाल. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. तपासणीला कोणी आलं तर तुम्ही बहिणीचा मुलगा आहात, शिकायला आला आहात, हे पाठ करून ठेवायचं. भाच्याकडून भाडं अर्थातच रोख घेतलं जातं, पावती मिळत नाही आणि घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन मागितला (वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की लागतोच) तर नातं तुटतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम, पण भाच्याची कसली माहिती?

कागद झालाच तर तो वाचू नका. विशेषतः शेवटचं परिशिष्ट. पंखे चार, गीझर एक, ट्यूब सहा, पडद्याचे रॉड दोन, एवढं लिहून खाली सही असते. गीझर चालतो का, दरवाजाचं लॅच अडकतं का, कमोडचं झाकण आधीच तुटलंय का, याबद्दल अक्षर नसतं. मूर्ख भाडेकरू सामान टाकण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढतो, त्यात वीजमीटरचं रीडिंग दाखवतो, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवून 'तिसऱ्या ट्यूबचा चोक गेलाय' असं खाली लिहितो. काका उत्तर देत नाहीत, पण दोन निळ्या खुणा येतात आणि त्यांची वर्षभराची झोप उडते. तुम्ही तसं करू नका.

'रंगकामाचे एक भाडे वजा होईल' हे कलम बहुतेक करारांत असतं. त्याच्या आधी 'वाजवी वापराने होणारी झीज वगळून' असे चार-पाच शब्द घालून घेतले तर उद्या वाद घालता येतो. वाद घालणं पुण्यात पुण्याचं काम असलं तरी ते भाडेकरूचं नव्हे. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) सहा महिन्यांचं असेल तर ते फक्त तुम्हाला लागू आहे की मालकालाही, हे पाहू नका. बहुतेकदा फक्त तुम्हाला असतं.

विजेचा मजकूर थोडा अवघड आहे म्हणून सावकाश घेऊ. महावितरणचं बिल आजोबांच्या नावाने येतं. आजोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण नाव बदलायला कागद लागतात. तुमच्यासाठी आत एक छोटा सबमीटर बसवलेला असेल. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: पहिली १०० युनिटं, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत. एकाच मुख्य मीटरवर काकांचं घर आणि तुमच्यासारखे आणखी दोघे असले की सगळ्यांची युनिटं एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. तुम्ही एकटे ८० युनिटं वापरलीत तरी महागडा दर तुमच्या वाट्याला येतो. काकांचा एसी त्याच मीटरवर आहे हे विसरा. आणि मूळ बिलाची प्रत मागू नका.

सोसायटी असेल तर तिचे नियम वेगळे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि ते मालकाकडून. काही सोसायट्यांचे सचिव गणितात कच्चे असतात, आणि मालक ते तुमच्या भाड्यात मिळवायला विसरत नाहीत.

ज्यांना हे सगळं परवडत नाही त्यांच्यासाठी कॉट बेसिस आहेच. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी एका खोलीत चार कॉट, प्रत्येकी अर्धं कपाट, सकाळी ठराविक तासांतच गरम पाणी. इथे करार नाही, पावती नाही, म्हणून अडचणही नाही. परीक्षा पुढे ढकलली गेली की भाडंही पुढे चालू राहतं.

आता निघायची वेळ. नोटीस एका महिन्याची असते. ती तोंडी द्या, जिन्यात, काका भाजी घेऊन येत असताना. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर तारीख टाकून दिली तर ती त्या तारखेपासून मोजली जाते. तोंडी दिली तर मालकाला आठवेल त्या दिवसापासून. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का, असं काही धूर्त लोक विचारतात. विचारू नका, वेळेवर भरा. वीज, आणि असेल तर एमएनजीएलचं दोन महिन्यांनी येणारं गॅसबिल, दोन्ही थकीत ठेवा, म्हणजे 'अंदाजे' रक्कम कापता येईल. खिळे काढून भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. बदललेल्या नळाची, दुरुस्त केलेल्या पंख्याची पावती जपून ठेवू नका.

मग किल्ली द्या. दोन्ही जुड्या, आधी, हसत, कागदावर काही न लिहून घेता. रीतसर माणूस मालकासोबत घरात फिरतो, मीटरचा फोटो काढतो, 'किल्ल्या मिळाल्या, इतकी रक्कम देणे बाकी' असं लिहून सही घेतो आणि शक्य असेल तर रक्कम खात्यात आल्यावरच किल्ली सोडतो. तुम्ही टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय म्हणून धावत खाली या.

पैसे कधी, असं विचारल्यावर काका म्हणतील, 'नवा माणूस आला की लगेच.' यात लपवाछपवी नाही. तुमचं डिपॉझिट त्यांनी तुमच्या आधीच्या माणसाला दिलं, तुम्हाला ते पुढच्याच्या पैशातून देणार. पुढचा माणूस यायला जितके महिने लागतील तितके महिने तुम्ही त्यांना बिनव्याजी कर्ज देत आहात, आणि तो आल्यावर त्याच्यासमोर बसून तुमच्या रंगाचं, पोपड्यांचं, कॉइलचं आणि कमोडच्या झाकणाचं बिल होईल. वकिलाची साधी नोटीस गेली तरी बऱ्याचदा पैसे निघतात म्हणतात. त्यासाठी नोंदणीकृत करार, व्हिडिओ आणि तारीख टाकलेली नोटीस लागते. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल याची काळजी वर घेतलेली आहेच.