सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हौद्यात

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. वय ४६, फौंड्रीत मेंटेनन्सला. म्हणाला आता बास झालं, राजीनामा देतो आणि तुझ्यासारखं स्वतःचं काहीतरी चालू करतो, फक्त हिंमत होत नाही, तू कशी केलीस ते सांग. तासभर बोललो पण मनासारखं सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय, त्याच्यासाठी आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांसाठी.

मी सोळाव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत कोल्हापुरात तालमीत होतो, डिप्लोमा करत करत. नुसत्या रेवड्या बक्षीस मिळायच्या त्या कुस्त्यांपासून सुरुवात केली, पुढं जत्रांच्या मैदानात इनामावर लढलो, मग नोकरी लागली आणि लंगोट पेटीत गेला. २१ वर्षं एमआयडीसीत काढली. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून एकट्यानं हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्याला तेलाचा दाब देणारा पॉवर पॅक यांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. माणूस एकच, मी. लेथचं आणि होनिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचं काम बाहेरून करून घेतो. या दोन वर्षांत अडलो तिथं आधी तालीम आठवली, नोकरीतलं ट्रेनिंग नंतर.

तालमीत हिंमतीबद्दल कुणी बोलायचंच नाही. ती सगळ्यांकडंच असते हो. सतरा वर्षांचं पोरगं हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरतं ते हिंमत घेऊनच, पहिल्या दोन मिनिटांत सगळी ताकद लावून मोकळं होतं आणि मग तोंड उघडं टाकून श्वास घेत उभं राहतं, समोरचा शांतपणे पट काढतो, म्हणजे पाय धरून ओढतो, आणि पोरगं खाली. वस्ताद विचारायचे ते दोनच गोष्टी, दम किती आहे आणि जोड कुणाशी आहे. मैदानात कुस्त्या जोडणारी जाणती माणसं असतात, ती वजन बघतात, वय बघतात, आधीच्या कुस्त्या माहीत असतात त्यांना, आणि पोरगं कितीही छाती काढून मोठ्या पैलवानाचा हात मागायला, म्हणजे त्याच्याशी कुस्ती मागायला लागलं तरी ते बाजूला करतात. धंद्यात असं बाजूला करणारं कुणी नसतं. मला तर मोठा पैलवान स्वतःहून हाक मारत आला.

पहिल्याच वर्षी एका मोठ्या प्लांटचं वर्षाचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट मिळालं. घरात पेढे वाटले आम्ही. अट अशी की ब्रेकडाऊन आला की रात्री दोन वाजताही हजर, सील किट, ओ-रिंग, व्हॉल्व्ह सगळं आधी मी माझ्या पैशानं आणायचं आणि बिल नंतर. बिलांचे पैसे कधी ९० दिवसांनी यायचे, कधी १२० दिवसांनी. पाचव्या महिन्यात बायकोची एफडी मोडली. सातव्या महिन्यात सील सप्लायरनं उधारी थांबवली. आणि गंमत नाही, खरं सांगतो, त्या सात महिन्यांत कागदावर मी नफ्यात होतो! काम भरपूर, बिलं भरपूर, खात्यात पैसे नाहीत. माझ्या वजनाचा माणूस त्या प्लांटसमोर उभाच राहू शकत नव्हता, त्यांना १२० दिवस म्हणजे काहीच नाही, मला १२० दिवस म्हणजे चार ईएमआय आणि पोरीची कॉलेजची फी.

तेव्हा मातीतला एक नियम आठवला. मातीच्या कुस्तीत खाली गेला म्हणजे हरला असं नसतं. तुम्ही पोटावर पडा, गुडघ्यावर या, समोरचा वर बसून घिस्सा मारू दे, तोवर कुस्ती चालू असते, हरता ते पाठ लागल्यावर. म्हणून नव्या पोराला डाव शिकवायच्या आधी बचाव शिकवतात, मान तयार करून घेतात, कारण खाली जायची वेळ प्रत्येकावर येते. मग मी कागद घेऊन बसलो आणि माझी पाठ कुठली ते लिहून काढलं. घराचं कर्ज, आईचं औषधपाणी, पोरीचं शिक्षण, आणि सहा महिन्यांचा घरखर्च. याला हात लागला की मी चितपट. बाकी सगळं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट जाणं, लोक काय म्हणतील, एखादं बिल बुडणं, हे नुसतं खाली जाणं आहे. ते कॉन्ट्रॅक्ट मी आठव्या महिन्यात सोडलं, नुकसान सोसून सोडलं, वाईट वाटलं, चार दिवस झोप आली नाही. पण पाठ लागू दिली नाही.

विशीत पाठ लागली तर पुढच्या जत्रेत परत उतरता येतं. आमच्या वयात तसं नाही. सूज उतरायला वेळ लागतो आणि पैसा भरून यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून जे कुणी व्हिडीओत सांगतात ना, सगळं पणाला लावा, त्यांचं पंचेचाळिशीच्या माणसानं अजिबात ऐकू नये. मी हे रागानं बोलतोय कारण असं ऐकून घर गहाण टाकलेली दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत.

घर गहाण म्हटलं की आपल्याकडं खाशाबांची गोष्ट निघतेच. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, त्यांच्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही गोष्ट हिंमतीची म्हणून सांगतात. पण त्याआधी १९४८ चं लंडन ऑलिंपिक होतं ते सांगत नाहीत. खाशाबा तोवर मातीत लढलेले, मॅटवरच्या कुस्तीची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियमांची नाही, तरी सहावे आले. मग चार वर्षं त्या नव्या पद्धतीची तयारी केली, वरच्या वजनी गटात गेले आणि १९५२ ला ब्राँझ. म्हणजे ते घर गहाण पडलं ते जगात सहाव्या आलेल्या माणसाच्या चार वर्षांच्या तयारीवर.

नोकरीतून धंद्यात येणं हे अगदी मातीवरून मॅटवर येण्यासारखंच. डाव तेच आहेत, सिलिंडर मी तोच उघडतो जो २१ वर्षं उघडला, पण पायाखालचं सगळं वेगळं. मातीत निकाल लागेपर्यंत वेळ घेता येतो, अर्धा तास नुसती खडाखडी, म्हणजे उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेणं, चालते. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, गुण मोजले जातात, नुसतं धरून उभं राहिलात तर पंच टोकतो. नोकरीत मी दोन दिवस घेऊन लीकेजचं मूळ शोधायचो, साहेब खूश. आता गिऱ्हाईक विचारतं किती वाजता मशीन चालू होईल आणि किती होतील. दर सांगायला मला वर्षभर जमत नव्हतं, जीभ अडायची.

हेलसिंकीतली अजून एक गोष्ट मला फार लागते. जपानच्या इशीईबरोबरची लांबलेली कुस्ती संपली आणि खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो नियम पंचांपुढं मांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. थकलेल्या अंगानं लढले आणि ती कुस्ती गेली. एकट्याच्या धंद्यात हेच होतं बघा. नियम तुमच्या बाजूचा असतो आणि बोलायला कुणी नसतं. मी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केलं होतं, फुकट होतं, केलं आणि विसरलो. त्या प्लांटनं १२० दिवस लावले तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर असं आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. हे सगळं मला नंतर एका सीएनं सांगितलं. त्याची फी जास्त वाटत होती म्हणून मी आधी गेलो नव्हतो. आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापलेली असते, आणि बरीच बिलं वेळेत येतात.

कामाची जोडही बदलली. दोन-तीन प्रेस असलेली छोटी वर्कशॉप, पोकलेनवाले, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगची कामं. इनाम लहान, पण पैसे येतात. किटचा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सिलिंडर उघडत नाही.

आणि हौदा खणायचा कंटाळा करायचा नाही. तालमीत पहाटे पहिलं काम म्हणजे फावडं घेऊन माती उकरायची, ती दगडासारखी बसलेली असते, आणि कितीही मोठा पैलवान असला तरी फावडं धरतोच. माझं फावडं म्हणजे रोज सकाळी सात ते आठ, बिलं करणं, थकलेल्या पैशांसाठी फोन, स्टॉकची वही. कुणी कौतुक करत नाही याचं, पण ज्या आठवड्यात चुकलं त्या आठवड्यात अंगाला लागलं.

शेवटचं एक. कुस्ती एकट्याची असली तरी मेहनत एकट्यानं कुणीच करत नाही, लढतीला जोडीदार लागतो आणि तुमचा डावा पाय कच्चा आहे हे त्यालाच कळतं. म्हणून गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी आम्ही तिघं भेटतो, एक लेथवाला, एक पॅनल बनवणारा आणि मी, तिघंही पंचेचाळिशीच्या पुढचे, तिघंही एकट्यानं धंदा करणारे. एकमेकांचे दर बघतो, कुणाचं बिल थकलंय ते बघतो, कोण मोठ्या पैलवानाचा हात मागायला निघालाय त्याला अडवतो. त्या सहकाऱ्याला येत्या रविवारी बोलावलंय. आणखी कुणाला यायचं असेल कोल्हापूर परिसरातल्या तर इनबॉक्समध्ये सांगा, राजीनामा द्यायच्या आधी या, आणि येताना महिन्याचा घरखर्च, कर्ज आणि हातातली शिल्लक एका कागदावर लिहून आणा.