फोटोखाली नाव असतं तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, भडकल दरवाजावरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. हा दरवाजा मलिक अंबरचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेल्या माणसाचा. हे शहरच त्याने वसवलं, १६१० मध्ये, तेव्हाच्या खडकी गावात. जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच. एवढं सगळं शाळेत शिकले, पण तो माणूस दिसायचा कसा, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आणि मी पंधरा वर्षं फोटो स्टुडिओ चालवते, चेहऱ्यांवरच माझं पोट आहे.

त्याचा चेहरा मला पहिल्यांदा दाखवला तो सेनेगलच्या एका फोटोग्राफरने.

ओमार व्हिक्टर डिओप. जन्म डाकारचा, १९८० चा. कंपनीतली नोकरी सोडून या धंद्यात आला. २०१४ मध्ये स्पेनमधल्या मालागाला राहायला असताना त्याने 'डायस्पोरा' ही मालिका सुरू केली. आफ्रिकेतून बाहेर पडलेली, बऱ्याचदा पकडून विकलेली, आणि तरीही परक्या मुलखात नाव कमावलेली माणसं त्याने इतिहासातून शोधली. त्यांची जुनी चित्रं समोर ठेवून तसाच पोशाख, तशीच बैठक घेतली आणि प्रत्येक चित्रात स्वतः उभा राहिला. त्यातला एक मलिक अंबर. दुसरा विजापूरच्या आदिलशाहीतला इखलास खान.

या मालिकेतला झाँ-बाप्तिस्त बेले मी कितीतरी वेळ बघत बसले होते. हा गुलाम म्हणून सां-दोमिंगला, म्हणजे आजच्या हैतीत, पोचलेला माणूस पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत प्रतिनिधी झाला. १७९४ मध्ये गुलामी रद्द करण्याचा ठराव झाला, तेव्हा तो त्याच सभेत होता. फ्रेंच चित्रकार जिरोदेने १७९७ मध्ये काढलेलं त्याचं चित्र व्हर्सायला आहे. त्यात तो एका गोऱ्या विचारवंताच्या संगमरवरी पुतळ्याला टेकून उभा आहे. डिओपच्या फोटोत पोशाख तोच, पण जोडीला फुटबॉल आहे! मालिकेत असंच कुठे ना कुठे खेळाचं सामान दिसतं: चेंडू, हातमोजे, शिट्टी. युरोपच्या मैदानावर गोल मारला की ज्याला खांद्यावर घेतात, त्याच काळ्या खेळाडूला पुढच्या सामन्यात माकडाचे आवाज काढून चिडवतात. बेलेच्या काळातला मान आणि आजचा मान यांत किती फरक पडला, हे तो एका चेंडूत विचारतो.

आणि अँजेलो सोलिमान. व्हिएन्नाच्या दरबारी वर्तुळात वावरलेला, अनेक भाषा येणारा, मानाचा माणूस. १७९६ मध्ये तो वारला, तेव्हा मुलीने विनवण्या करूनही त्याची कातडी भरून बादशाही संग्रहात मांडली. अंगावर पिसं, गळ्यात शिंपल्या. जन्मभर प्रतिष्ठेने जगलेल्या माणसाला मेल्यावर 'रानटी' करून ठेवलं. डिओप त्याला पुन्हा त्याच्या नावानिशी, त्याच्या दिमाखात समोर आणतो. हा फोटो बघून मला रडू आलं.

या मालिकेत एकही बाई नाही, हे मात्र मला खटकतं. तो स्वतःच उभा राहणार म्हटल्यावर दुसरं काय होणार, हे कळतं, पण खटकतं.

वसाहतीच्या काळातल्या फोटोंची गोष्ट आम्ही फोटोग्राफरांनी तरी विसरू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाकारहून फोर्तिए नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांची हजारो पोस्टकार्डं छापली. कितीतरी कार्डांवर माणसाचं नाव नाही, फक्त 'अमुक जमातीची मुलगी'. आपल्या मुंबईतही हेच झालं. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं एका जागी उभी करून टिपली आणि मागे दुसरंच दृश्य जोडलं. आज आम्ही कॉम्प्युटरवर पार्श्वभूमी बदलतो, ते काम तेव्हा हाताने केलं होतं. आणि खाली काय, तर जात.

माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा, हव्या त्या चौकटीत ठेवायचा आणि नाव पुसायचं. डिओप चौकट तीच घेतो आणि त्यात नाव परत लिहितो, म्हणून मला तो मोठा वाटतो.

आता माझंही सांगते. लग्नाच्या अल्बमला बसले की पहिली मागणी असते, "ताई, जरा उजळ करा." मी केलेत, शेकडो. सावळ्या नवऱ्या गव्हाळ केल्या, गव्हाळ गोऱ्या केल्या. एका नवरीने अल्बम हातात घेऊन विचारलं होतं, "ही मीच आहे ना?" डिओपच्या फोटोत कातडी काळीच आहे, तुकतुकीत, मागच्या नक्षीदार पडद्यावर उठून दिसणारी. तसा प्रकाश लावायला येतं मलाही. मी लावत नव्हते.

अंबरचं आणखी एक चित्र आहे, जहांगीरच्या दरबारात अबुल हसनने काढलेलं. पृथ्वीच्या गोलावर उभा बादशहा बाण मारतोय, आणि समोर भाल्यावर अंबरचं मुंडकं! प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती तो कधी लागलाच नाही. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगलांना धूळ चारली, शहाजीराजे आणि शरीफजी त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो म्हातारपणाने गेला, कबर खुलताबादला आहे. रणात जमलं नाही ते बादशहाने कागदावर करून घेतलं. म्हणून चित्र कोण काढतं आणि कुणासाठी, याला फार महत्त्व आहे.

अंबरसारखीच आफ्रिकेत मुळं असलेली माणसं आजही आपल्या शेजारी आहेत, ती म्हणजे सिद्दी. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या तावडीतून पळालेल्या आफ्रिकन गुलामांचे हे वंशज आज कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात राहतात, कोकणी बोलतात. तरी त्यांना बघून लोक विचारतात, "कुठल्या देशाचे?"

मुरूड, यल्लापूर, हल्याळकडच्या कुणा सिद्दी कुटुंबाला घरातल्या आजी-आजोबांचे, मुलाबाळांचे फोटो काढून हवे असतील, तर मला मेसेज करा. पोशाख तुमच्या पसंतीचा, जागाही तुमच्याच पसंतीची. दिवाळीनंतर लाइट, पडदे घेऊन मी येते. पैसे नकोत. प्रिंट तुमच्याकडे राहील आणि खाली पूर्ण नाव असेल, तुम्ही सांगाल तसं लिहिलेलं.